नवतपा, ब्लू टँग आणि धापा: गरमी की आजार?

नंदनवनी | २६ मे, सकाळी ७:४०

मंडळी, नागपुरात खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे मोजकेच, आणि त्यातले बरेच इथे आहेत, म्हणून धागा काढतोय.

टँक चार फुटी, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी. फक्त मासे आणि कोरडे दगड. दोन ऑसेलारिस क्लाऊन, एक ब्लू टँग (पोरांच्या भाषेत डोरी), तीन डॅमसेल. गेल्या आठवड्यात चेन्नईहून आलेला एक बटरफ्लाय टाकला. वेगळा क्वारंटाईन टँक नाही.

परवापासून टँग वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडासमोर जाऊन उभा राहतो. लाईट लागला की दगडामागे लपतो. खाणं सोडलंय. बटरफ्लाय तळाला बसून आहे. क्लाऊन खातात, पण त्यांचेही कल्ले जोरात चालू आहेत. अंगावर ठिपके कुणाच्याच नाहीत. अमोनिया, नायट्राईट शून्य. पाणी दुपारी ३१.५ अंशांपर्यंत जातं.

दुकानदाराने एक निळी बाटली दिली आहे. लेबल नाही. "टँकमध्येच दहा थेंब टाका, कोणताही रोग जातो," म्हणाला. टाकू का?

---

कूलरबाबा | २६ मे, सकाळी ८:०५

अहो भाऊ, काऊन घाबरून राहिले? नवतपा सुरू झाला, बाहेर ४५ आहे, माणसं धापा टाकून राहिली तं मासोळीचं काय!

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावते. खाऱ्या पाण्यात २५ अंशाले लिटरमागे ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० ले ६.२. त्यात गरमीनं मासोळीचं शरीर जास्त ऑक्सिजन मागते. म्हणजे दोन्हीकडून मार. संपावर एक टेबल फॅन तिरपा लावा. एक लिटर पाणी उडालं की २०० लिटर पाणी जवळपास ३ अंश थंड होईल एवढी उष्णता घेऊन जाते. खोली त्यातली बरीचशी परत देते म्हणा, पण मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी की फॅनवर काम भागते. चिलरचे पैसे वाचवा.

---

हौशी_गप्पी | २६ मे, सकाळी ८:३०

माझा गोड्या पाण्याचा टँक आहे, तरी सांगतो. मिथिलिन ब्लू असेल ती. टाकून बघा. आणि खाण्यात लसूण द्या, प्रतिकारशक्ती वाढते.

---

खाराडोह | २६ मे, सकाळी ९:१५

नंदनवनी, बाटली टाकू नका. आत काय आहे हे ठाऊक नसताना मुख्य, म्हणजे डिस्प्ले टँकमध्ये थेंबसुद्धा नको. मिथिलिन ब्लू असेल तर दगडांतले नायट्रिफाय करणारे जिवाणू मरतील आणि दोन दिवसांत अमोनिया चढेल. कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, असेल तर ते दगड शोषून घेतील. किती शोषलं आणि पाण्यात किती उरलं ते कळणार नाही, आणि पुढे त्या टँकमध्ये झिंगा किंवा गोगलगाय ठेवायची सोय राहणार नाही.

कूलरबाबा म्हणतात ती गरमी खरी आहे. पण गरमी सगळ्यांना सारखी लागते. तुमच्याकडे टँग लपतोय आणि क्लाऊन जेवतोय. इथे मला दोन गोष्टी एकावर एक बसलेल्या दिसतात.

त्या वेगळ्या करायच्या तर आज एवढं करा. घड्याळ लावून प्रत्येक माशाचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजा आणि लिहून ठेवा. स्वस्थ माशाचा आकडा साधारण ६० ते ८० असतो, डॅमसेलसारख्या लहान, चपळ माशांत जास्तही. मग फॅन लावा, वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा, एअर स्टोन सोडा. तापमान एकदम पाडू नका, संध्याकाळपर्यंत २८ ला आलं तरी पुरे. मग परत मोजा. जो आकडा पाण्याच्या तापमानाबरोबर उतरतो तो गरमीचा. जो उतरत नाही, त्या माशाच्या कल्ल्यांत काहीतरी बसलंय.

रात्री लाईट बंद झाल्यावर टॉर्च समोरून नाही, बाजूने तिरपी धरा आणि टँगच्या पाठीवरून नजर फिरवा. फोटो टाका.

(लसणाबद्दल: लसणाच्या वासाने हटून बसलेला मासा कधीकधी तोंड उघडतो, एवढाच उपयोग. परजीवी त्याने मरत नाहीत.)

---

पुणेरी_समुद्र | २६ मे, सकाळी १०:५०

एवढा उपद्व्याप कशाला? हा ठरलेला इच आहे, पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. क्षारता हळूहळू १.००९ (विशिष्ट गुरुत्व) वर आणा, महिनाभर तिथेच ठेवा. औषध नाही, विष नाही. मी कॉपरला हात लावत नाही.

---

खाराडोह | २६ मे, सकाळी ११:२०

पुणेरी, इच असेल तर तुमचा उपाय चालतो, रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) नीट कॅलिब्रेट केलेला असेल तर. १.०११ वर थांबलात की महिना फुकट जातो. पण ठिपका एकही नाही, श्वास भरधाव, उजेड नको, प्रवाहात तोंड. ही इचची सुरुवात कमी आणि व्हेल्वेट या दुसऱ्या परजीवी आजाराची जास्त वाटते. व्हेल्वेटचा जीव, अमायलूडिनियम, कमी क्षारतेत मजेत राहतो. तुमच्या महिन्यातल्या पहिल्याच आठवड्यात टँक रिकामा होईल.

---

पुणेरी_समुद्र | २६ मे, सकाळी ११:२६

न बघता व्हेल्वेट म्हणणं म्हणजेही अंदाजच ना?

---

खाराडोह | २६ मे, सकाळी ११:३०

अंदाजच. म्हणून तर टॉर्च मागवली.

---

नंदनवनी | २६ मे, रात्री १०:४५

फॅन लावला. पाणी २८.२ ला आलं. मधे तासभर लाईन गेली होती, तेवढा वेळ बॅटरीवरचा एअर पंप चालवला.

कल्ले: क्लाऊन सकाळी १२५, आता ८५. डॅमसेलही सावरलेत. टँग सकाळी दीडशेच्या वर, आताही तेवढाच. बटरफ्लायचे मोजता येत नाहीत इतके जलद.

टॉर्चमध्ये टँगच्या पाठीवर काहीतरी दिसतंय. ठिपके नव्हेत, बारीक पिवळट धूळ बसल्यासारखं. फोटोत नीट आलं नाही. मागच्या काचेवर अंग घासतोय.

---

कूलरबाबा | २६ मे, रात्री ११:०२

मी माघार घेतो. गरमीपुरतं माझं बरोबर निघालं, पण ही धूळ माझ्या फॅनच्या हातची नाही.

---

खाराडोह | २६ मे, रात्री ११:४०

आता लांबलचक लिहितो, कारण पुढच्या वेळी कुणीतरी हा धागा शोधत येईल.

इच, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. याचे ठिपके मिठाच्या दाण्याएवढे असतात, मोजता येतात. तो माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून तळाला, दगडाला, काचेला चिकटून कवच करतो. मासा अचानक स्वच्छ दिसू लागतो. नेमकं याच वेळी लोक "औषध लागू पडलं" म्हणतात आणि दुकानदाराची निळी बाटली नावारूपाला येते. कवचातून शेकड्याने पिलं बाहेर पडतात आणि दुसरी लाट पहिलीपेक्षा दांडगी असते. काही कवचं आठवड्यात फुटतात, काही फार उशिरा, ७२ दिवसांपर्यंत. म्हणून टँक माशांवाचून ७६ दिवस रिकामा ठेवायची पद्धत पडली. कॉपरने मरतं ते अंगावरचं नाही आणि कवचातलंही नाही. मधल्या पोहणाऱ्या अवस्थेवरच मार बसतो, त्यामुळे उपाय लांबतो.

व्हेल्वेट आधी कल्ल्यांत बसतो. कातडीवर धूळ दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो, आणि पुष्कळ मासे धूळ न दिसताच जातात. ठिपक्यांची वाट बघणाऱ्यांचे टँक यातच जातात. श्वास वाढला, मासा प्रवाहात उभा राहिला, उजेडाला पाठ केली, की घड्याळ सुरू झालं समजा.

क्लाऊनच्या अंगावरून साय सुटावी तसा पांढरा चिकट थर निघत असेल तर ब्रुकलिनेला हा परजीवी. त्याला कॉपर चालत नाही, फॉर्मॅलिनची आंघोळ लागते: ३७ टक्क्यांचं फॉर्मॅलिन, १० लिटरला दीड मिली, पाऊण तास, जोरात हवा सोडून आणि डोळ्यांसमोर. गरम पाण्यात हा डोस जास्त जाचतो. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, तुमच्या फुप्फुसालाही ते विषच. क्रोमिसच्या (डॅमसेलच्याच कुळातला मासा) कुशीवर लालभडक जखम असेल तर युरोनिमा, तोही परजीवी. तो मांसात शिरला की हातात फारसं काही उरत नाही.

आणि डोळे ढगाळ, मासा झटके देतोय, अंग घासतोय, पण ठिपके नाहीत, तर फ्लूक, म्हणजे चपटे कृमी. त्यासाठी गोड्या पाण्याची आंघोळ हीच चाचणी. आरओचं पाणी, टँकच्याच तापमानाचं, खाण्याचा सोडा घालून पीएच ८.२ च्या आसपास, काळ्या टबात, एअर स्टोन सोडून, पाच मिनिटं. फ्लूक असतील तर पांढरे होऊन तळाला पडलेले दिसतात. मग प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, आणि अंडी त्याने मरत नाहीत म्हणून आठवड्याच्या आत परत एकदा.

नंदनवनी, टँगला हीच आंघोळ आज रात्री द्या. व्हेल्वेट तिने बरा होत नाही, पण कल्ल्यांवरचा थोडा भार उतरतो. मासा आडवा झाला तर वेळेआधी काढा. सकाळी सगळे मासे, धडधाकट दिसणारेसुद्धा, बाहेर.

---

स्लाईडवाली | २७ मे, सकाळी ६:५५

मी तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान शिकते. एखादा मासा गेला तर फ्रीजरमध्ये टाकू नका, गोठल्यावर कल्ल्यांत काही ओळखू येत नाही. टँकच्याच पाण्यात, गार पिशवीत, लगेच द्या. परजीवी मेलेला मासा लवकर सोडून जातात. नंबर व्यक्तिगत संदेशात पाठवते.

---

नंदनवनी | २७ मे, सकाळी ७:२०

बटरफ्लाय पहाटे गेला. येतोय.

---

स्लाईडवाली | २७ मे, दुपारी १:१०

कल्ल्याची एक पाकळी कापून काचपट्टीवर बघितली. गडद तपकिरी, गोल ते पेरूच्या आकाराचे ठिपके, कल्ल्याला मुळाने धरून, जागचे न हलणारे. अमायलूडिनियमच. इच असता तर याहून बराच मोठा, केसाळ, गरागरा फिरणारा जीव दिसला असता आणि आत चार मण्यांच्या माळेसारखं केंद्रक.

पुणेरी काका, आता अंदाज राहिला नाही :)

---

पुणेरी_समुद्र | २७ मे, दुपारी १:३५

मान्य. आणि काका कोण?

---

नंदनवनी | २७ मे, दुपारी २:००

टँग आंघोळीनंतर जिवंत आहे, पण खात नाही. हॉस्पिटल टँक आजच्या आज कसा उभा करू? माझ्याकडे ६० लिटरचा प्लास्टिकचा टब आहे.

---

खाराडोह | २७ मे, दुपारी २:४०

टब उत्तम. वाळू नको, दगड नको, पीव्हीसीचे कोपरे लपायला. हीटर, थर्मामीटर, स्पंज फिल्टर, एअर स्टोन. संपातला जुना स्पंज आणू नका, त्याच्याबरोबर व्हेल्वेट येईल. म्हणजे फिल्टर कोरा असणार आणि अमोनिया चढणार, हे गृहीत धरून रोज मोजा आणि पाणी बदला. बदलायच्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळलेलं असू द्या, नाहीतर दर बदलाला पातळी पडेल. अमोनिया बांधणारी द्रव्यं कॉपरबरोबर अजिबात नकोत, कॉपर जास्त विषारी होतं. कार्बनही काढा.

कॉपर दोन प्रकारचं मिळतं आणि आकडे फार वेगळे आहेत. चिलेटेड (रसायनात बांधलेलं) असेल तर २.२५ ते २.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). आयनिक (मोकळं) असेल तर ०.२ च्या आसपास. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकीकडे मासे मरतात, दुसरीकडे परजीवी जगतात. बाटलीवर प्रकार लिहिलेला नसेल तर घेऊच नका. टेस्ट किटही त्या प्रकाराला चालणारं हवं. इचमध्ये पातळी दोन-तीन दिवसांत सावकाश चढवता येते, व्हेल्वेटमध्ये तेवढी उसंत नाही. चिलेटेड घ्या आणि उद्या रात्रीपर्यंत पूर्ण पातळीला न्या. तिथून ३० दिवस. एक दिवस जरी खाली घसरली तरी मोजणी पहिल्यापासून.

टब दुसऱ्या खोलीत ठेवा. हा परजीवी फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर हवेतूनही जातो. आणि आपल्याकडे खोलीत कूलर असतोच, त्याचा झोत एका टँकवरून दुसऱ्याकडे नको. जाळी, मग, नळी वेगळी. एका टँकमध्ये हात घातला की कोरडा करूनच दुसऱ्यात.

---

कूलरबाबा | २७ मे, दुपारी ३:१५

कूलरचं निघालंच आहे तं सांगतो. टँकच्याच खोलीत कूलर लावला की हवा गार होते पण दमट होते, मग संपावरचा फॅन पाणी कमी उडवते. खिडकी उघडी ठेवाच.

आणि पाणी उडते, मीठ उडत नाही. २०० लिटरमधून दहा लिटर उडालं की हजारी ३५ ची क्षारता पावणेसदतीसच्या वर. वरून खारं पाणी टाकत बसले तं अजूनच चढते. वरचं पाणी आरओचंच, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. बोअरचं तं बिलकुल नाही. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अप बसवून घ्या, नाहीतर ऑफिसातून येईपर्यंत मासोळी लोणच्यात.

---

हौशी_गप्पी | २७ मे, सायं. ६:३०

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. मासा तर दुकानात ठणठणीत होता ना? मग हे आलं कुठून?

---

खाराडोह | २७ मे, रात्री ९:५०

बाळबोध अजिबात नाही. आपल्याकडे मासा चेन्नई किंवा मुंबईहून येतो. पकडणारा, साठवणारा, व्यापारी, दुकान, प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या गावचे मासे एकाच पाण्यात. बरेच व्यापारी क्षारता कमी ठेवतात किंवा थोडं कॉपर ठेवतात, त्यामुळे तिथे आजार दबलेला असतो. घरी आला की उसळतो.

दुसरी गोष्ट पिशवीची. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साईडने पीएच उतरलेला असतो, म्हणून तो अमोनिया फारसा डसत नाही. आपण पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसतो, कार्बन डायऑक्साईड निघून जातो, पीएच चढतो आणि त्याच पिशवीत मासा भाजून निघतो. इंटरनेटवरचा थेंबथेंब सल्ला गावातल्या दुकानातून आणलेल्या माशाला ठीक. रात्रभर प्रवास केलेल्याला नाही. व्यापाऱ्याला क्षारता आधी विचारा, क्वारंटाईनचं पाणी तेवढंच करून ठेवा, पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, उघडा, मासा उचला, सोडा. पिशवीचं पाणी मोरीत. मग काही दिवसांत क्षारता वर न्या.

क्वारंटाईन म्हणजे नुसतं वेगळं ठेवणं असंही नाही. रोज एकदा कल्ले मोजायचे, टॉर्च मारायची, जेवण बघायचं. प्रत्येक माशाचा नेहमीचा आकडा ठाऊक असला की बिघाड एक दिवस आधी कळतो, आणि व्हेल्वेटमध्ये एक दिवस फार असतो.

---

स्लाईडवाली | २८ मे, सकाळी ८:१०

अवांतर, पण पावसाळा तोंडावर आहे. गल्लीत डासांची धुरळणी येते तेव्हा खिडक्या बंद करा आणि एअर पंप तेवढ्यापुरता थांबवा, तो बाहेरची हवा थेट पाण्यात ढकलतो. धुरळणीत वापरतात ती पायरेथ्रॉइड्स माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना अत्यल्प मात्रेतही मारतात. अचानक सगळे मासे एकाच वेळी तडफडले, झिंगे आधी मेले, तर आजार शोधण्याआधी हे आठवा.

---

नंदनवनी | २८ मे, रात्री ११:२०

सगळे मासे टबात. चिलेटेड कॉपर २.३ पीपीएम. एक डॅमसेल गेला. टँग टबाच्या कोपऱ्यात उभा आहे, कल्ले १३०. डिस्प्ले रिकामा चालू ठेवला आहे.

डिस्प्ले किती दिवस? व्हेल्वेटला सहा आठवडे पुरतात असं वाचलं.

---

खाराडोह | २९ मे, सकाळी ७:००

पुरतात. पण बटरफ्लायबरोबर इचही आला नसेल कशावरून? मासे बाहेर आहेतच, तर ७६ दिवस पुरे करा. २८ मे धरून १२ ऑगस्ट. तोवर जिवाणूंसाठी चिमूटभर खाणं टाकत राहा.

---

नंदनवनी | ४ जून, रात्री ९:३०

टँगने आज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून खाल्ली. कल्ले ८०.

---

पुणेरी_समुद्र | ४ जून, रात्री ९:४१

झकास. कॉपरला हात न लावण्याचं माझं व्रत फ्लूक आणि इचपुरतं ठेवतो.

---

हौशी_गप्पी | १९ जून, दुपारी ४:००

कूलरबाबा, पाऊस सुरू झाला. आता फॅन चालतो का?

---

कूलरबाबा | १९ जून, दुपारी ४:२०

नाही चालत जी. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, फॅन नुसता आवाज करते. पण बाहेर ४५ नाही, ३२ आहे. पाणी २९ च्या वर जात असेल तं लाईटचे तास कमी करा, झाकण काढा, नाहीतर दुपारी एसी. तेही नाही तं मग चिलर. आणि डिसेंबरात याच टँकला हीटर लागते हे विसरू नका, रात्री पारा दहाच्या खाली जाते आपल्या इथं.

---

नंदनवनी | २७ जून, रात्री ८:१५

कॉपरचे ३० दिवस झाले. पाणी बदललं, कार्बन लावला. टँग, दोन क्लाऊन, दोन डॅमसेल, सगळे खातायत.

एक शंका. एका क्लाऊनच्या शेपटीच्या कडेला पांढरी, फुलकोबीसारखी गाठ आहे. आठवडाभर तेवढीच आहे, जागा बदलत नाही. परत कॉपर?

---

स्लाईडवाली | २७ जून, रात्री ८:५०

नको. ठिपका जागेवर राहतो, गळत नाही, पंखाच्या कडेलाच आहे, श्वास ठीक आहे, तर लिम्फोसिस्टिस. विषाणू आहे, औषध नाही, आणि बहुतेकदा ताण कमी झाला की आपोआप गळतो. कापू नका, खरवडू नका. खाणं चांगलं द्या. श्वास वाढला तरच इथे लिहा.